वारशातलं देणं

मी राहतो कोंढव्यात आणि शिकवतो कोथरूडला. रोज सकाळी कर्वे पुतळ्याच्या थांब्यावर उतरतो आणि कॉलेजपर्यंत चालत जातो. इतिहास हा माझा विषय. वर्गात बहुतेक मुलं आसपासच्या सोसायट्यांमधली असतात, थोडी सुतारदरा आणि किष्किंधानगरच्या वस्त्यांमधली.

दोन वर्षांपूर्वी पुणे करार शिकवायचा होता. पुस्तकातले मुद्दे सांगून मुलांना काही वाटत नाही, हा माझा जुना अनुभव. म्हणून एका कार्यशाळेत शिकलेला खेळ घ्यायचं ठरवलं. हा खेळ अमेरिकेतल्या वर्गांतून आपल्याकडे आला आहे. सगळ्यांनी मैदानात एका रांगेत उभं राहायचं. शिक्षक एकेक वाक्य म्हणतो. ज्याच्या आजीला लिहितावाचता येत होतं त्याने एक पाऊल पुढे यावं. ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्याने पुढे यावं. ज्याला आडनाव सांगताना कधी आवाज खाली करावा लागला नाही त्याने पुढे यावं. पंधरा मिनिटांत रांग मोडते आणि समाज जसा आहे तसा मैदानात उभा राहतो.

तसाच तो राहिला. सगळ्यात पुढे एक मुलगी होती, अभ्यासू, मनाने चांगली. सगळ्यात मागे सुतारदऱ्याचा एक मुलगा. त्याची आई जवळच्याच सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करते. मी म्हणालो, "आता मागे वळून बघा." सगळ्यांनी वळून त्या एकट्या मुलाकडे बघितलं. पुढची मुलगी रडू लागली. तीन मैत्रिणी तिच्याकडे धावल्या, कुणी पाण्याची बाटली दिली, मीही तिची समजूत काढायला गेलो. दहा मिनिटं आम्ही सगळे तिच्याभोवती होतो. तेवढ्या वेळात तो मुलगा दप्तर उचलून निघून गेला होता. तो गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला भेटायला आली. "सर, मी रात्रभर विचार केला. मी काय केलंय? माझ्या पणजोबांचं सातारा जिल्ह्यातलं घर ४८ साली जाळलं. गांधींना मारणारा आमच्या जातीचा होता, एवढाच त्यांचा गुन्हा. ते नेसत्या कपड्यांनिशी पुण्याला आले. तेव्हाही कुणीतरी त्यांना सांगितलं असेल, तुम्ही दोषी आहात. काल तुम्ही मला तेच सांगितलंत ना?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. ३० जानेवारी १९४८ नंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जळली हा इतिहास आहे आणि तो मी वर्गात कधी धड शिकवलेला नव्हता. पण गप्प बसण्याचं खरं कारण वेगळं होतं. तिचा प्रश्न माझाच होता.

सातवीत असताना इतिहासाच्या तासाला अफझलखानाचा धडा आला की सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. गुरुजी काही वाईट बोलायचे नाहीत, पण नजरा वळायच्या त्या वळायच्याच. औरंगजेब आला की परत. मी मान खाली घालून बसायचो. जे मी केलं नव्हतं, ज्याच्याशी माझ्या घराण्याचा काडीचा संबंध नव्हता, त्याची शरम मला वाटायची. आज आपल्यापैकी कितीतरी जणांना कुठे बॉम्बस्फोट झाला की ऑफिसात आधी निषेध नोंदवावा लागतो. जन्माने चिकटलेला दोष काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि तरीही मी मैदानात एका मुलीला तेच दिलं. त्या मुलाला तर त्याहून वाईट दिलं. त्याला मी नुसतं धड्यातलं चित्र करून टाकलं.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पाठलाग करतो आहे. सामाजिक न्याय शिकवताना अपराधाच्या भावनेचं काय करायचं? ती जागवायची, की टाळायची?

या प्रश्नाचा सगळ्यात मोठा प्रयोग आपल्याच शहरात झाला आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. २० सप्टेंबरला त्यांनी त्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केलं. २४ तारखेला करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी संयुक्त मतदारसंघांत १४८ राखीव जागा आल्या. २६ तारखेला उपोषण सुटलं. त्या दिवसांत देशभरातून देवळं उघडल्याच्या, विहिरी खुल्या केल्याच्या बातम्या येत होत्या. सवर्ण हिंदूंच्या मनात अपराधाची भावना जागी झाली होती, यात शंका नाही.

गांधीजींचा विचार प्रायश्चित्ताचा होता. अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप आहे आणि पाप धुवायचं ते पाप करणाऱ्यानेच. पुढच्या वर्षी, ८ मे १९३३ पासून, त्यांनी आत्मशुद्धीसाठी २१ दिवसांचा उपवास केला. तुरुंगातून सुटका झाल्यावर तो ठाकरसी कुटुंबाच्या पर्णकुटी बंगल्यात पार पडला. याच ठाकरसी घराण्याच्या देणगीमुळे कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. कोथरूड आणि येरवडा शहराच्या दोन टोकांना आहेत, पण त्यांच्यामधला धागा असा जुना आहे.

करारानंतर लगेच अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्कर बाप्पा चिटणीस. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी ठक्कर बाप्पांना एक लांबलचक पत्र लिहिलं. ते तेव्हा तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले होते. पत्रात अपराध, पाप, शुद्धी यांची भाषा नाही. त्यात कामांची यादी आहे. गावातल्या विहिरी, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहनं, इथे नागरी हक्क बजावून घ्या. रोजगारात समान संधी द्या. घरात, व्यवहारात माणसांचा संबंध येऊ द्या. आणि हे काम करायला माणसं नेमाल ती शक्यतो अस्पृश्यांमधली नेमा.

तसं झालं नाही. बाबासाहेब मंडळातून बाहेर पडले. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, असं विचारलं गेलं तेव्हा गांधीजींनी दिलेलं उत्तर फार विचार करण्यासारखं आहे. त्यांच्या मते ही संस्था सवर्णांच्या पश्चात्तापातून निघाली आहे. सवर्ण हे ऋणको आहेत आणि त्यांना आपलं ऋण फेडायचं आहे, म्हणून ती त्यांनीच चालवावी. अस्पृश्यांनी हवं तर सल्लागार मंडळं काढून कामाची तपासणी करावी.

गांधीजींच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. कर्ज हा त्यांचा शब्दही मला बरोबर वाटतो. पण कर्ज किती, ते कधी फेडायचं, कोणत्या नाण्यात फेडायचं, हे सगळं ऋणकोनेच ठरवायचं आणि धनकोने बाहेर उभं राहून बघायचं, असा हिशोब कुठल्या पेढीवर चालतो? बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावर जे पुस्तक लिहिलं त्यात संघावरची ही तक्रार सविस्तर मांडली आहे. कन्नड समीक्षक डी. आर. नागराज यांनी नंतर या वादाकडे आत्मशुद्धी आणि आत्मसन्मान अशा दोन वाटा म्हणून पाहिलं. आत्मशुद्धीच्या वाटेवर नाटकाचा नायक पाप करणारा असतो. तो पडतो, रडतो, उठतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो बाजूला उभा राहतो. माझ्या मैदानात नेमकं हेच घडलं होतं. रडणारी मुलगी मधोमध, आणि तो मुलगा फाटकाबाहेर.

म्हणून अपराधाची भावना फुकाची आहे असं मी म्हणणार नाही. साने गुरुजी हाडाचे शिक्षक, अमळनेरच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते आधी महाराष्ट्रभर फिरले, आणि १ मे ते १० मे १९४७ त्यांनी उपोषण केलं. शेवटी दरवाजा उघडला. लोकांच्या मनाला टोचणी लागल्याशिवाय तो उघडला नसता. टोचणी माणसाला जागं करते. प्रश्न असतो तो जागं झाल्यावर काय करायचं याचा.

याचं एक उत्तर कोथरूडहून दिसणाऱ्या पर्वतीच्या टेकडीवर आहे. १३ ऑक्टोबर १९२९ ला तिथल्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे त्याचे पुढारी. दगड आले, मारहाण झाली, राजभोज जखमी झाले. या सत्याग्रहात एस. एम. जोशींसारखे सवर्ण तरुणही होते. त्यांनीही मार खाल्ला. पण पुढारीपण त्यांच्याकडे नव्हतं. ते दुसऱ्यांनी पुकारलेल्या लढ्यात सामील झाले होते. त्याआधी दोन वर्षं, २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृतीचं दहन झालं, तेव्हाही तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. परिषद बाबासाहेबांची होती. सहस्रबुद्ध्यांच्या मनाला त्या वेळी काय वाटत होतं, त्यांना अपराधी वाटत होतं का, हे आपण विचारतही नाही. त्यांनी काय केलं ते आपल्याला माहीत आहे, आणि तेवढं पुरतं.

आणि ज्यांच्या पुतळ्यापाशी मी रोज उतरतो ते अण्णा कर्वे? हिंगण्याच्या माळावर १९०० साली त्यांनी विधवांसाठी झोपडी बांधली आणि तिथून रोज पायी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला जात राहिले. स्वतः १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं. मुरुड गावाने त्यांना बहिष्कृत केलं. या माणसाच्या कामात हळहळ कमी आणि चालणं जास्त. पण वर्गात मी हेही सांगतो की, त्यांच्या आश्रमाचा दरवाजा सुरुवातीला वरच्या जातींच्या विधवांसाठीच होता. त्याच शहरात, त्यांच्या आधी तीन दशकं, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं आणि तिथे ब्राह्मण विधवांना आसरा दिला. ज्यांच्याकडून अपमान सोसला त्यांच्याच लेकींना. म्हणजे अण्णांच्या खात्यातही बाकी होती. तिची नोंद त्यांनी स्वतः घेतली असं मला वाटतं, कारण १९४४ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, त्यांनी जातिभेद मोडण्यासाठी समता संघ काढला. शहाऐंशीव्या वर्षी माणूस नवीन वही उघडतो ती बाकी राहिलेलं देणं आठवतं म्हणून.

देणं हा शब्द माझ्या मनात कुठून आला ते आता सांगतो.

आपल्या दीनमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक म्हणजे कुणीही दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही. कुरआनात हे अनेकदा आलं आहे. बापाचं पाप मुलाच्या माथी नाही. दुसरी गोष्ट सूरह निसामध्ये वारशाचे हिस्से सांगताना येते. हे हिस्से वाटायचे ते मयताची वसीयत आणि कर्ज चुकतं केल्यानंतर. म्हणजे बापाचा गुन्हा मुलाला येत नाही, पण बापाची जमीन हवी असेल तर जमिनीवरचं कर्ज आधी फेडावं लागतं. तौबाचंही तसंच. अल्लाहच्या हकात कसूर झाली तर माणसाने पस्तावून माफी मागावी. पण हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक बुडवले असतील, तर ज्याचं बुडवलं त्याला परत केल्याशिवाय तौबा पुरी होत नाही. नुसते अश्रू तिथे चालत नाहीत.

१९४६ साली जर्मन तत्त्ववेत्ता कार्ल यास्पर्स याने जर्मनांच्या दोषाबद्दल पुस्तक लिहिलं. फौजदारी दोष, राजकीय दोष, नैतिक दोष अशी त्याने वर्गवारी केली, आणि सगळ्या राष्ट्राला एकगठ्ठा गुन्हेगार ठरवायला नकार दिला. पण राज्याने केलेल्या कृत्यांची भरपाई नागरिकांना टाळता येणार नाही हेही सांगितलं. ते वाचताना मला वाटलं, हे तर आपल्या जनाजाच्या वेळी आपण दर वेळी ऐकतो.

जनाजाच्या नमाजाआधी मयताचा वारस उभा राहतो आणि सांगतो, माझ्या वडिलांकडे कुणाचं काही येणं असेल तर मला सांगा, मी देईन. अब्बा गेले तेव्हा मीही सांगितलं. फलटण तालुक्यातल्या आमच्या गावात, कब्रस्तानाच्या दाराशी, शंभरेक माणसांसमोर. कुणी काही बोललं नाही. सगळ्यात मोठं येणं जिचं होतं ती तिथे नव्हती. ती घरी बायकांमध्ये बसली होती. माझी फुफी.

दादांची पाच एकर जमीन. दादी आधीच गेलेली. दोन मुलगे, एक मुलगी. शरियतप्रमाणे दोन, दोन आणि एक असे हिस्से. पण दादा गेल्यावर अब्बा आणि चाचांनी फुफीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला आणि अडीच अडीच एकर नावावर करून घेतली. मोहल्ल्यात सगळेच असं करत होते. "बहीण हिस्सा मागत नसते, मागितला तर माहेर तुटतं." हिंदू घरांत हेच होतं, आपल्याकडेही हेच. फरक इतकाच की आपल्याकडे तो हिस्सा किताबात लिहून दिलेला आहे आणि त्यावर आपण मोठी भाषणंही करतो. इस्लामने स्त्रीला चौदाशे वर्षांपूर्वी वारसाहक्क दिला, असं मी स्वतः कोथरूडच्या एका व्याख्यानात सांगून टाळ्या घेतल्या आहेत. सातबाऱ्यावर तेव्हाही माझंच नाव होतं.

अब्बांचा मी एकुलता एक. माझ्या वाटणीला फुफीची वीस गुंठे जमीन आली होती. मी ती लुबाडली नव्हती. पण तिच्यावरची ज्वारी मी खाल्ली होती.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. पुढच्या आठवड्यात मी वर्गात आधी माफी मागितली. खेळाबद्दल, आणि मागे वळून बघा म्हणाल्याबद्दल. तो मुलगा परत आला होता. त्याची वेगळी भेट घेतली तेव्हा तो म्हणाला होता, "सर, मी कुठे उभा आहे ते मला आधीच माहीत होतं. धडा त्यांच्यासाठी होता, आणि मी नुसता दाखवायला." हे वाक्य त्याच्या परवानगीने मी वर्गात सांगितलं. मग मुलीकडे बघून म्हणालो, तुझ्या पणजोबांना जातीमुळे दोषी ठरवणं हा अन्यायच होता, तुलाही मी दोषी ठरवणार नाही. गुन्हा वारशाने येत नाही. देणं मात्र येतं. पुस्तकांचं कपाट वारशात आलं असेल तर कपाटाबरोबर काय आलं ते बघ. मग फुफीच्या वीस गुंठ्यांची गोष्ट सांगितली. शिक्षकाने आधी स्वतःची वही उघडावी, मग मुलांना उघडायला सांगावी, एवढं मला त्या वर्षी कळलं.

आता तो खेळ मी घेत नाही. मुलांना सांगतो, घरातला एक कागद शोधा. सातबारा, सोसायटीचं खरेदीखत, आजोबांच्या नोकरीचा हुकूम, काहीही. तो कुणाच्या नावावर आहे, कुणाच्या नावावर असू शकला असता, आणि का नाही, एवढं लिहून आणा. वर्गात कुणी रडत नाही. भांडणं होतात, आणि ती मला चालतात. आजीच्या माहेरच्या जमिनीचं काय झालं, हे घरी विचारून आलेली मुलं आहेत. ज्याच्या घरी कागदच नाही तो मुलगा कागद का नाही ते लिहितो, आणि बहुतेक वेळा तोच निबंध सगळ्यात चांगला असतो.

त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो. चुलतभावांनी ऐकलं नाही, त्यांचे वीस गुंठे त्यांच्याकडेच आहेत. माझ्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करायचं ठरवून मी फुफीच्या घरी गेलो. ती आता सत्तरीच्या पुढे आहे. तिच्यासमोर बसलो, बोलायला लागलो आणि माझा गळा दाटून आला. माफ कर, असं काहीतरी म्हणत होतो. तिने शांतपणे पानाचा डबा बाजूला सरकवला.

"रोता कायकू? सातबारा दिखा."

मी दाखवला. तिला वाचता येत नाही, पण तिने तो नातवाकडून दोनदा वाचून घेतला. नोंदणी झाली, फेरफार झाला, तिचं नाव लागलं. नवा उतारा घेऊन गेलो तेव्हा वाटलं, आता हिशोब मिटला. फुफीने उतारा घडी घालून डब्यात ठेवला आणि विचारलं, "और बत्तीस सालां की जवारी?"

त्याचा हिशोब अजून चालू आहे.